पन्नासच्या दशकातल्या नाशकाची जन्म-मृत्यूची वही: शोधायची कशी, वाचायची कशी

माझी आई सुईणकाम करायची. रीतसर शिकलेली होती म्हणून लोक ‘नर्सबाई’ म्हणत, पण ती स्वतःला सुईणच म्हणवून घ्यायची. भद्रकाली, कथडा, जुनी तांबट आळी आणि पुलापलीकडे पंचवटीचा थोडा भाग, एवढा तिचा इलाखा. तिच्याजवळ एक लांबट वही होती, वाणी उधारी लिहितात तसली. एका ओळीत एक बाळंतपण: तारीख, बापाचं नाव, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, पौंडात वजन आणि शेवटी लाल शाईची खूण. खूण म्हणजे म्युनिसिपालिटीत नोंद झाली. अधूनमधून एखादी ओळ बिनखुणेची. लहानपणी मी विचारलं होतं, ही मुलं गेली का गं? “गेली नाहीत, सांगायला कोणी गेलं नाही,” आई म्हणाली.

मी पुढे शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्यावर मोडी शिकले. आता ओळखीपाळखीचे लोक जुनी नोंद शोधायची म्हटलं की मला बरोबर घेऊन जातात. कुणाला जातपडताळणी हवी असते, कुणाला पासपोर्ट, कुणाला वारसाचा कागद. दोन-तीन जण नुसते हौशी, घराण्याची वंशावळ लावणारे. सगळे त्याच त्याच चुका करतात. मीही केल्या आहेत, म्हणून हे लिहून ठेवते.

आधी हद्द, मग तारीख

पहिला प्रश्न ‘कधी जन्मले’ हा नाही, ‘कुठे जन्मले’ हा आहे. नोंद घटना घडली तिथे होते, माणूस राहतो तिथे नाही. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्या वाड्यातल्या एका काकांसाठी मी तीन दिवस नाशिकच्या नोंदींमागे लागले होते. चौथ्या दिवशी त्यांच्या बहिणीने सहज सांगितलं, “दादा निफाडकडचा ना, मामाच्या गावचा.” काका जन्मभर ‘मी पक्का नाशिककर’ म्हणत आलेले! तेव्हापासून मी पहिल्या भेटीत आजोळ विचारते. थोरलं अपत्य असेल तर आजोळच आधी धरते.

दुसरं, आजचं नाशिक म्हणजे तेव्हाचं नाशिक नव्हे. महापालिका झाली ७ नोव्हेंबर १९८२ला. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची गावं तेव्हा एकत्र आली. १९५०च्या सुमाराला मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी, अंबड ही खेडी होती. तिथली नोंद गावकामगारांकडून व्हायची आणि ती गाव नमुना १४मध्ये असते. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ते बघायला महापालिकेच्या खिडकीवर उभं राहून काही मिळत नाही, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विचारायचं. देवळाली कॅम्पचं घर असेल तर तिसरीच वाट, तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड. देवळालीच्या हवेसाठी मुंबईहून आजारी माणसं येऊन राहायची, कित्येक पारशी-गुजराती कुटुंबांची मृत्यूची नोंद त्यामुळे मुंबईत नसते, इथे असते.

मूळ गावठाणाचा कारभार ‘नाशिक बरो म्युनिसिपालिटी’चा. हा ‘बरो’ म्हणजे विलायती शब्द, मुंबई इलाख्याच्या १९२५च्या कायद्यातून आलेला. १९६५चा महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम आला आणि हा शब्द गेला. जुन्या कागदावर ‘बरो’ दिसलं की दचकू नका, ही आपलीच नगरपालिका. विलायतेतल्या बरोमध्ये मेडिकल ऑफिसर दरवर्षी आरोग्याचा छापील अहवाल काढायचा: जन्म किती, मृत्यू किती, कशाने, किती घरं तपासली, किती दूध तपासलं. ती पद्धत तिथे १९७४पर्यंत चालली. आपल्याकडे नगरपालिकेच्या वार्षिक प्रशासन अहवालात आरोग्याचा भाग यायचा. आकड्यांकडे वळेन तेव्हा या अहवालांचं काम पडणार आहे.

तारीख काढताना

शाळेच्या दाखल्यावरची तारीख एक जून असेल तर ती तारीख नाही, गुरुजींची सोय आहे. शाळा जूनला उघडायची, सहा वर्षं मोजून मागे जायचं आणि लिहून टाकायचं. त्या तारखेच्या मागेपुढे दोन-दोन वर्षं शोधा.

जन्मपत्रिका असेल तर सोनं, पण तीही नीट वाचली पाहिजे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात, हे निम्मे लोक विसरतात. शके १८७८ची पौषातली पत्रिका घेऊन एक गृहस्थ १९५६ धरून बसले होते. तो पौष पडतो जानेवारी १९५७मध्ये. एक वर्ष चुकीची वही! आणखी एक बारकावा वाराचा. पत्रिकेचा वार सूर्योदयाला बदलतो, सरकारी तारीख मध्यरात्रीला. पहाटे तीनला जन्मलेलं मूल पत्रिकेत सोमवारचं आणि नोंदीत मंगळवारचं असू शकतं. दोन्ही खरं.

पत्रिका नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तारीख विचारू नका, त्याला वर्ष सांगता येत नाही. विचारायचं असं: सिंहस्थाच्या आधी की नंतर? स्वातंत्र्य मिळालं तेव्हा कडेवर होता की चालत होता? गांधीजी गेले तेव्हा? नाशकात सिंहस्थ हा मोठाच खुंटा आहे. १९४४, १९५६, १९६८ या तीन सालांभोवती बायकांच्या आठवणी पक्क्या असतात, कारण घरात पाहुणे मावत नसायचे.

नोंदवहीत दोन तारखा असतात, घटनेची आणि खबर दिल्याची. पानं लागतात खबरेच्या क्रमाने. म्हणून मूल श्रावणातलं असलं तरी ओळ भाद्रपदात सापडू शकते. वर्णानुक्रमाची सूची असेल अशी आशा ठेवू नका.

नाव शोधायचं ते बापाचं

हे ठळक अक्षरात लिहायला हवं. नोंद व्हायची बारशाच्या आधी, त्यामुळे मुलाचं नाव बहुतेक ओळींत नसतंच. ‘मुलगा’, ‘मुलगी’, क्वचित ‘जुळे’. एका कार्यालयात एका बाईंना ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा मिळाला होता. अर्जात त्यांनी वडिलांचं नाव ‘बाळाचे नाव’ या रकान्यात लिहिलं होतं आणि शोधणाऱ्याने तेच धरून शोधलं. अर्ज नव्याने केला, आजोबांचं नाव घातलं, त्याच वर्षाच्या वहीत ओळ मिळाली. अर्जाच्या मागे पेन्सिलीने मी नेहमी लिहून देते: ‘बापाच्या नावाने पाहावे, मुलाचे नाव नोंदीत नसण्याची शक्यता.’

आडनावावर विसंबू नका. कुठे आडनावाच्या जागी धंदा, कुठे गावाचं नाव, कुठे नुसतंच ‘सखाराम बिन विठू’. बिन म्हणजे मुलगा. ‘कोम’ आलं तर बायको: ‘सगुणा कोम सखाराम’. घरात हाक मारायचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं, ही तर रोजची गोष्ट. म्हणून घरून निघताना एका कागदावर पुरुषाची चार नावं लिहून न्या: पाळण्यातलं, हाकेचं, शाळेतलं आणि सातबाऱ्यावरचं.

खेड्यांतल्या वह्यांत मोडी भेटते, विशेषतः चाळीसच्या आणि त्याआधीच्या. मोडी वाचणारा माणूस बरोबर नसेल तर निदान बापाचं नाव मोडीत कसं दिसतं ते कुणाकडून तरी लिहून घ्या आणि त्याचं चित्र शोधा, अक्षरं नव्हे. मी शिकत होते तेव्हा असंच करायचे. २०२३पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा बऱ्याच जिल्ह्यांनी असल्या जुन्या नोंदी स्कॅन करून संकेतस्थळावर टाकल्या. तुमचं कुणबीशी देणंघेणं नसलं तरी ती पानं चाळा. एका पानावर अख्खं गाव असतं.

खिडकीवर

सध्या देशभर चालतो तो जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा, महाराष्ट्रात १ एप्रिल १९७०पासून. त्याच्या कलम १७ खाली कोणीही फी भरून शोध आणि उतारा मागू शकतो. शोधाची फी वर्षागणिक लागते, म्हणून वर्ष जितकं नेमकं तितका खिसा हलका. शहरात सहा विभागीय कार्यालयं आहेत. जुन्या गावठाणासाठी मी मेनरोडच्या जुन्या इमारतीत चौकशीला सुरुवात करते.

मागताना ‘दाखला’ म्हणू नका. दाखला म्हटलं की नव्या नमुन्यातला छापील कागद हातात येतो, आणि त्यात जुन्या वहीतला जातीचा रकाना नसतो, खबर देणाऱ्याचं नाव नसतं. पडताळणीवाल्यांना नेमकं तेच हवं असतं. ‘मूळ नोंदवहीतील नोंदीचा सर्व रकान्यांसह साक्षांकित उतारा’ असे शब्द अर्जात लिहा. जातीचा पुरावा कोणत्या तारखेच्या आधीचा हवा तेही माहीत करून घ्या: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७.

मृत्यूच्या बाबतीत एक अडसर कायद्यातच आहे. उताऱ्यात मृत्यूचं कारण देत नाहीत, कलम १७ने ते झाकलं आहे. आजोबा कशाने गेले हे कळेल म्हणून जाणार असाल तर ते तिथे मिळणार नाही. खिडकीवरच्या माणसाशी त्यावरून भांडू नका, तो बरोबर असतो.

नोंद मिळालीच नाही तर ‘अनुपलब्धता प्रमाणपत्र’ घ्या. रिकाम्या हाताने परत येऊ नका, पुढच्या प्रत्येक टेबलावर ते मागतात. एक वर्षाहून जुनी राहिलेली नोंद नव्याने करायला पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३च्या दुरुस्तीने ते काम जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेलं आहे.

आणि नाशिककरांसाठी एक खास वाट: रामकुंड. तीर्थोपाध्यायांच्या घरी नामावळीच्या वह्या असतात. बाहेरगावची माणसं गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, अस्थी घेऊन आली की त्यांच्या घराण्याच्या पानावर आलेल्याची सही, गेलेल्याचं नाव, मुलानातवंडांची नावं लिहिली जातात. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी तुमच्या घराण्याची वही काढतात. हा सरकारी पुरावा नव्हे. पण कोण कधी गेलं, कुणाला किती मुलं, हे जुळवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. दक्षिणा ठेवा, घाई करू नका, आणि श्राद्धपक्षात तर जाऊच नका. तेव्हा त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

आकडे वाचायचे असतील तर

हा भाग हौशी लोकांसाठी. मला स्वतःला हाच आवडतो.

जुना अहवाल हाती लागला की तीन दर काढता येतात. वर्षातले जन्म भागिले लोकसंख्या गुणिले हजार, हा जन्मदर. तसाच मृत्यूदर. आणि एक वर्षाच्या आत गेलेली मुलं भागिले त्या वर्षीचे जिवंत जन्म गुणिले हजार, हा बालमृत्यूदर. समजा वस्ती ७५,०००, जन्म २,४००, मृत्यू १,५००, त्यात वर्षाच्या आतले ३३६. जन्मदर ३२, मृत्यूदर २०, बालमृत्यूदर १४०. आकडे सोयीसाठी घेतलेत, पण हे उत्तर कसं वाचायचं ते बघा.

पन्नासच्या दशकात देशाचा जन्मदर हजारी चाळिसाच्या आसपास होता. तुमच्या उत्तरात ३२ आले तर नाशकात बाळंतपणं कमी होत होती असं समजायचं कारण नाही, आईच्या वहीतल्या बिनखुणेच्या ओळी आठवा. जन्मदर जितका कमी तितकी नोंदणी संशयास्पद. याची एक सोपी कसोटी आहे. निसर्गतः शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. अहवालात शंभर मुलींमागे ११५ किंवा १२० मुलगे दिसले तर मुली जन्मल्या, पण त्यांची खबर द्यायला कोणी गेलं नाही. माझ्याकडच्या वहीत बिनखुणेच्या ओळींत मुली जास्त आहेत. मोजल्यावर मला थोडा वेळ काही सुचलं नव्हतं.

बालमृत्यूदराला मोजपट्टी हवी तर देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा १९४६चा अहवाल घ्या. त्यात १९३७ सालचा ब्रिटिश हिंदुस्थानचा बालमृत्यूदर १६२ दिला आहे आणि इंग्लंड-वेल्सचा ५८. पण पाचवी पुजायच्या आत गेलेल्या मुलाची जन्माची नोंद नाही आणि मृत्यूचीही नाही, असं सर्रास व्हायचं. अशी मुलं दोन्ही बाजूंनी गळतात आणि दर उगाच बरा दिसतो.

लोकसंख्या कुठली घ्यायची, यावर मी एकदा चांगलीच आपटले. जनगणना दहा वर्षांनी: १९४१, १९५१, १९६१. मधल्या वर्षांसाठी फरकाचे दहा समान भाग करून मोकळी झाले होते. पण १९४७नंतर फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं देवळालीच्या छावणीत आणि आसपास आली. वाढ सरळ रेषेत झालीच नाही. त्यामुळे १९४६ची वस्ती मी फुगवून धरली आणि मृत्यूदर नको तितका खाली आला. जनगणनेच्या वर्षालगतचेच दर काढावेत हे बरं, मधल्या वर्षी नुसते मूळ आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत.

सिंहस्थाचं वर्ष तर वेगळंच काढून ठेवा. १९५६चे मृत्यू नाशिककरांचे असतीलच असं नाही, यात्रेकरूही त्यात आहेत. एरवीसुद्धा काही म्हातारी माणसं शेवटचे दिवस गंगेकाठी घालवायला इथे येत. मृत्यूंचे आकडे असतील तर महिनावार बघा. देवीचा जोर होळीच्या सुमाराला, पटकी उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडाला. एखादा महिना अचानक फुगलेला दिसला की त्या महिन्यात गावात यात्रा होती का ते आधी बघायचं.

कारणांचे शब्द मात्र शब्दकोशात पाहून उपयोग नाही. पटकी म्हणजे कॉलरा, गाठीचा ताप म्हणजे प्लेग, घटसर्प म्हणजे डिप्थेरिया, एवढं सरळ आहे. ‘ताप’ ही पोतडी आहे, त्यात हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया सगळं भरलेलं. कारण सांगणारा डॉक्टर नव्हता, घरचा माणूस होता. १९५३ला हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, घराघरांत डीडीटी फवारली जाऊ लागली. म्हणून १९५३च्या आधीचा आणि नंतरचा ‘ताप’ वेगळा ठेवून मोजा. ‘अशक्तता’ म्हाताऱ्यापुढे असेल तर वय, तान्ह्यापुढे असेल तर अपुऱ्या दिवसांचं मूल. ‘आकडी’ आणि ‘धनुर्वात’ पहिल्या पंधरवड्यातल्या बाळापुढे दिसले तर ते नाळेचं दुखणं. विळ्याने नाळ कापायची आणि वर राख किंवा शेण लावायचं, त्यातून ते व्हायचं. आई ब्लेड आणि दोरा घरून उकळून फडक्यात बांधून न्यायची. लोक हसायचे, सुईणबाई चहा करायला आल्यात का म्हणून.

देवीच्या नोंदीही सोडू नका. देवी टोचणारा जन्माच्या यादीवरून घरोघर फिरायचा, त्यामुळे जन्माची वही गहाळ असली तरी टोचणीच्या कागदावर मुलाचं नाव सापडू शकतं. आणि तोवर बारसं झालेलं असतं, म्हणजे इथे खरं नाव मिळतं! आमच्या एका शेजारणीचं तसंच झालं. ट्रंकेच्या तळाला घातलेल्या पेपराखाली टोचल्याची चिठ्ठी निघाली, चार घड्या घातलेली. वय लिहिलं होतं महिन्यांत. तेवढ्यावरून मागे मोजत गेलो, महिना धरला, आणि वहीत तिच्या वडिलांचं नाव दुसऱ्याच पानावर मिळालं.

जाताना बरोबर न्यायचं ते एवढंच: भिंग, पेन्सिल, चार नावांचा कागद, आजोळचं गाव, मोबाइल चार्ज केलेला. शाईचं पेन नेऊ नका, जुन्या पानाजवळ ते चालत नाही. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. तुमची ओळ सापडली की लगेच वही मिटू देऊ नका, वरच्या पाच आणि खालच्या पाच ओळी बघायची परवानगी मागा. धाकटा भाऊ, चुलतभाऊ, शेजारच्या घरचं मूल, कोणी ना कोणी तिथे असतं, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या घरचं माणूस तुम्हालाच विचारत येणार असतं.